पाठमोऱ्या देवीची आणि भिवरेच्या मिठाची कहाणी

घ्या ग बायांनो, अक्षता घ्या. हातातल्या हातात चिवडत बसू नका. आणि कुणाला घरी जायची घाई असेल तर तिनं आत्ताच उठावं, मधेच उठलेलं पाठमोरीला चालत नाही. बसलात नीट? मग ऐका, पाठमोरीबाई, तुमची कहाणी.

एक नगर होतं, आटपाट. पाटाला पाट लावून पंगत बसावी तशी घराला घरं लागलेली. तेव्हाची नगरं तशीच असत. एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागे, कुणाकडे काय शिजतंय हे विचारावं लागत नसे. नगराबाहेर नदी होती, नदीकाठी देवीचं देऊळ होतं. देवीला रोज दुपारी नैवेद्य जाई. तो रांधायचा मान एका घराला होता. त्या घरात भिवराबाई होती. तिचा मुलगा सोमा, सोमाची बायको मैना. घर लहान, पण मान मोठा.

हा मान भिवरेला सासूकडून आला. नवी नवरी होती तेव्हा सासूनं तिचा हात धरला, मिठाच्या गाडग्यात घातला. म्हणाली, मूठ मिटल्यावर आत राहील तेवढं वरणाला, चिमटीत येईल तेवढं कोशिंबिरीला. नैवेद्य चाखायचा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. देवीच्या आधी जिभेला लावलं की उष्टं झालं. म्हणून रांधणारणीच्या हाताला माप लागतं. भिवरेच्या हाताला ते होतं, काय सांगू तुम्हाला. दुपारची घंटा झाली की पोरं खेळ टाकून देवळाकडे पळत. कुणी आमटी ओंजळीतच पिई, कोपरापर्यंत ओघळ गेला तर तोही चाटी. म्हाताऱ्या म्हणत, देवी या गावात राहिली ती भिवरेच्या हातच्या वरणासाठी. त्या दिवसांची आठवण काढली की त्या नगरातली जुनी माणसं अजून बोलता बोलता थांबतात.

असं कित्येक वर्षं चाललं. मग काय झालं? भिवरेच्या मनानं घेतलं, की आपला हात चुकत नाही. हातापुरतं होतं तोवर ठीक होतं. मग तिला वाटू लागलं आपला डोळा चुकत नाही. मग वाटू लागलं आपलं मन चुकत नाही. कोण खरं बोलतं, कोण लबाड, कुणाच्या पोटात काय आहे, सगळं तिला बघताक्षणी कळे. म्हणजे कळतं असं तिला वाटे. कुणी विचारलं, भिवराबाई, कशावरून? तर ती म्हणे, मला ठाऊक आहे. त्यावर पुढं कोण बोलणार? हसू नका ग. प्रत्येकीच्या घरात अशी एक असते, आणि ती कोण ते प्रत्येकीनं घरी जाऊन बघावं.

एका वर्षी शिमगा झाला आणि भिवरेला ताप आला. मुदतीचा ताप, उतरता उतरेना. मैनेनं काय केलं? उशाशी बसली. पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पाय चेपले. नैवेद्यही तिनंच रांधला, सासूनं शिकवला होता तसाच. मग ताप उतरला. उतरला, पण जाताना भिवरेच्या जिभेची धार घेऊन गेला. भिवरेला हे कळलं नाही. कळावं कसं? तोंड बघायला आरसा असतो, चव बघायला कुठला आरसा.

पथ्य सुटलं, भिवरा पहिल्यांदा पोटभर जेवायला बसली. मैनेनं वरणभात वाढला. भिवरेनं घास घेतला. अळणी. तिनं पानातलं मीठ कालवलं, आणखी मागून घेतलं, तेव्हा कुठं बरं लागलं. मग तिला काय आठवलं? मैना लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा डाळीत मीठ घालायला विसरली होती. त्याला किती पावसाळे झाले होते. मधल्या वर्षांत मैनेनं रोज नीट रांधलं, त्यातलं एक पान भिवरेला आठवलं नाही. विसरलेलं मीठ तेवढं आठवलं. म्हणाली, हिचं ध्यान नसतंच मुळी, मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी भिवरा आपण चुलीपाशी बसली. मूठ भरली. मनात आलं, तापानं हात वाळला, मूठ लहान झाली असेल. म्हणून आणखी अर्धी मूठ घातली. नैवेद्य गेला, देवीला दाखवला, प्रसाद घरी आला. भिवरेनं खाल्ला. तिला अगदी पूर्वीसारखा लागला. ती मनात म्हणाली, बघा, माझ्या हातचं कसं, आणि हिच्या हातचं कसं. दोन्हीकडं साक्षीला तिची तीच जीभ. मग निकाल दुसरा काय लागणार होता?

नैवेद्य खारट झाला. रोज होऊ लागला. पण तिला सांगणार कोण? रांधताना चाखायचं नाही, ही एक रीत. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, ही दुसरी. दोन्ही रीती चांगल्या, थोरामोठ्यांनी घालून दिलेल्या. पण दोन चांगल्या रीतींच्या मधे भिवरेची खारट आमटी सुखानं उकळत राहिली. माणसं प्रसाद हातात घेत, कपाळाला लावत, डोळे मिटून गिळत. डोळे मिटलेले बघून भिवरा म्हणे, किती भाव आहे लोकांचा.

देवीनं तिला खुणा दाखवल्या नाहीत असं नाही. गाईच्या घासाचं पान गाईपुढं ठेवलं. गाईनं हुंगलं, मान फिरवली. भिवरा म्हणाली, गाय म्हातारी झाली, दात गेले तिचे. मग देवळात पोरं यायची कमी झाली. येत ती पान हातात घेत आणि एकमेकांच्या हातात सरकवत. भिवरा म्हणाली, हल्लीच्या पोरांना घरी गोडधोड खाऊन माज आलाय. मग एकदा पुजारीबोवा प्रसाद घेऊन तांब्याभर पाणी प्याले, पुन्हा विहिरीवर जाऊन प्याले. भिवरा म्हणाली, वैशाखाचं ऊन, घशाला कोरड पडणारच. प्रत्येक गोष्टीला तिच्याजवळ कारण होतं. कारण नेहमी दुसऱ्याच्या घरचं असे.

मैनेला सगळं कळत होतं. सांगावं तर सासू, न सांगावं तर देवीचा नैवेद्य. त्यात तिला दिवस गेलेले. काय करावं, कसं करावं? एकदा तिनं हळूच सांगितलं, आत्याबाई, आज मीठ थोडं हात आखडून घालाल का? त्या घरांत सासूला आत्याबाईच म्हणत. भिवरा म्हणाली, तुझ्या अळणी जिभेला माझं सारखंच खारट लागणार. मग तिनं नवऱ्याकडून सांगवलं. सोमा आईपुढं उभा राहिला, चुळबुळला, म्हणाला, आई, थोडं जास्त होतंय की काय बघ. भिवरा म्हणाली, हे तुझे शब्द नव्हेत, कुणाचे ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या वेळी मैनेनं आदल्या दिवशीचा प्रसाद वाटीत घेतला, शेजारणीच्या हातचं वरण दुसऱ्या वाटीत घेतलं, दोन्ही सासूपुढं ठेवली. म्हणाली, दोन्ही चाखून बघा, आत्याबाई. भिवरेनं वाट्यांना हात लावला नाही. परीक्षा द्यायला ती काय कालची पोर होती? वाट्या तशाच राहिल्या, मुंग्या लागल्या, मैनेनं घासून पालथ्या घातल्या.

आता ऐका, पुढं काय झालं ते. ज्येष्ठाच्या महिन्यात एका सकाळी पुजाऱ्यानं देवळाचं दार उघडलं. बघतो तर देवीचं तोंड भिंतीकडं, पाठ दाराकडं. पुजारी घाबरला, घंटा बडवली, सगळं नगर गोळा झालं. देवी पाठमोरी झाली, देवी रुसली. कुणाचं चुकलं? ज्यानं त्यानं खारट घास आठवला आणि ज्यानं त्यानं खाली बघितलं. मग भिवरा पुढं झाली. म्हणाली, मी तापात पडले तेव्हा नैवेद्य हिनं रांधला. हिचं ध्यान ठिकाणावर नसतं, सोवळंओवळं चुकलं असेल, त्याचा हा कोप आहे. मला ठाऊक आहे.

साऱ्या नगरासमोर मैनेकडं बोट झालं. मैनेनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं जमिनीकडं पाहिलं. मैनेला तेव्हा सातवा सरत आलेला. तिनं घरी जाऊन दोन लुगडी गाठोड्यात बांधली. भिवरेला नमस्कार केला. सासुरवाशीण माहेरी निघाली की तिची ओटी भरतात, नारळ नाही तर मूठभर तांदूळ तरी घालतात. भिवरा चुलीकडं तोंड करून बसली होती, ती उठली नाही. सोमा म्हणाला, मी हिला पोचवून येतो. भिवरा म्हणाली, जा. आठ दिवसांत दोघं नाक घासत परत येतील, मला ठाऊक आहे.

आठ दिवस झाले, कुणी आलं नाही. महिना झाला, कुणी आलं नाही. सोमा सासऱ्याच्या शेतावर राबू लागला, तिथंच राहिला. भिवरा एकटी पडली.

एकटी पडल्यावर घर कसं मोठं होतं, हे ज्या राहिल्यात त्यांना विचारा. भिवरा पहाटे जात्यावर बसे. पूर्वी सासू एका बाजूला, सून एका बाजूला, खुंट्यावर दोघींचे हात. मैना ओवीची पहिली ओळ म्हणे आणि दुसरी सासूसाठी सोडून देई, मुद्दाम. भिवरा ती पुरी करी, मैना हसे, म्हणे, आत्याबाई, मी हेच म्हणणार होते. आता भिवरा एकटीच ओढी. पहिली ओळ तिला येतच नसे, कारण ती कधी तिच्या वाट्याला आलीच नव्हती. दुपारी वाल सोलायला बसली की हाताला हात लागायचा तो लागेना. मैनेला वाल सोलताना बोलायची सवय, माहेरची म्हैस, माहेरचं चिंचेचं झाड, त्याच त्या गोष्टी. तेव्हा भिवरेला कंटाळा येई. आता त्या म्हशीचं नाव काय होतं, हे आठवता आठवता तिचे वाल तसेच राहत. संध्याकाळी दिवा लावून ती उंबऱ्यापाशी बसे आणि वाटेकडं बघे. पण चुकलं असेल आपलं, असं तिच्या मनात आलं का? नाही आलं. मनात यायचं, पोरगी आडमुठी निघाली. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडानं ती मैनेलाच दोष द्यायची. माणसाचं असं असतं बाई, रडतं एकीकडं आणि बोलतं भलतीकडं.

मग श्रावण आला. एके दिवशी दुपारी दाराशी एक म्हातारी आली. काठी टेकत आली, दाराकडं पाठ करून ओसरीवर बसली. म्हणाली, बाई ग, भूक लागलीय. भिवरेनं पान मांडलं. म्हणाली, आजी, अशा पाठमोऱ्या काय बसलात? इकडं तोंड करा, नीट जेवा. म्हातारी म्हणाली, मला असंच बरं. तू वाढ.

भिवरेनं वाढलं. म्हातारीनं पहिला घास घेतला, पाणी मागितलं. दुसरा घास घेतला, पाणी मागितलं. तिसरा घास घेतला, तांब्याच मागितला. भिवरा म्हणाली, ऊन फार आहे ना, आजी.

म्हातारी म्हणाली, "ऊन कुठं ग बाई? सकाळपासून झड लागलीय."

भिवरा वरमली. पण कबूल कशाला होते? म्हणाली, मग प्रवासाचा शीण असेल. म्हातारी म्हणाली, शीण असेल तर असेल. तू एक कर, तीन वाट्यांत पाणी घेऊन ये आणि मिठाचं गाडगं आण. भिवरेनं आणलं. म्हातारी म्हणाली, डोळे मीट. मी एका वाटीत काही घालत नाही, एकीत चिमूटभर घालते, एकीत मूठभर घालते. तू मूठभराची वाटी ओळखून दाखव.

भिवरा मनात हसली. जन्म मिठात गेला, आणि ही मला मीठ ओळखायला सांगते. तिनं डोळे मिटले. तिन्ही वाट्यांतलं पाणी घोट घोट घेतलं. मग म्हणाली, आजी, दोन वाट्या कोऱ्या आहेत, एकीत चिमूट आहे. मूठ घालायची तुम्ही विसरलात. म्हातारपणी होतं असं. म्हातारी म्हणाली, डोळे उघड. उघडून बघते तो तिसऱ्या वाटीच्या तळाशी मिठाचे खडे. निम्मे विरलेले, निम्मे तसेच.

भिवरा म्हणाली, तुम्ही ते आत्ता टाकलेत. म्हातारी म्हणाली, बरं, मग तू टाक. भिवरेनं आपल्या हातानं मूठ भरली, आपल्या हातानं वाटीत टाकली, ढवळली, प्याली. चिमूटभराचीच चव आली. ती म्हणाली, मीठच हलकं आलंय. यंदा मिठागरात पावसाचं पाणी शिरलं असणार, त्याचा जोर गेलाय. म्हातारी म्हणाली, बरं, तसं असेल. तुझ्या गोठ्यातली गाय मीठ ओळखते ना? दे तिला. भिवरेनं वाटी गाईपुढं धरली. गाईनं जीभ लावली, फुत्कार टाकला, वाटीला शिंग मारलं. वाटी गोठ्यात घरंगळत गेली.

मग भिवरेनं गाडग्यातून एक मोठा खडा उचलला, जिभेवर ठेवला, चघळला. आणि तिला काय लागलं? वरण जसं नीट झालं की लागतं, तेवढंच, बेताचं खारट. सगळा खडा विरला तरी तेवढंच. ती गोठ्याच्या दारात उभी होती. आता दोष कुणाला द्यायचा? म्हातारी लबाड नव्हती, मीठ हलकं नव्हतं, गाईला सासूसुनेशी देणंघेणं नव्हतं. दोष द्यायला घरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

तेव्हा तिला एकेक आठवू लागलं. गाईनं मान फिरवली ती. पोरांनी पान सरकवलं ते. विहिरीवर गेलेले पुजारीबोवा. मुंग्या लागलेल्या दोन वाट्या. आणि चुलीकडं तोंड करून बसली होती तेव्हा पाठीमागं वाजलेली मैनेची जोडवी, दारापर्यंत गेलेली, मग न वाजलेली. भिवरा मटकन खाली बसली आणि रडली. या खेपेला तोंडानं कुणालाच दोष दिला नाही.

म्हणाली, "आजी, माझी जीभ गेली आणि मला कळलं नाही."

म्हातारी म्हणाली, "जीभ तापानं नेली, त्यात तुझा काय दोष? पण तुझे कान शाबूत होते. तीन वेळा पोरीनं सांगितलं, तेव्हा ते कुठं गेले होते?"

भिवरा पुढं सरकली. तिनं म्हातारीचे पाय धरायला हात पुढं केले, तर म्हातारीची पाठच पुढं आली. डावीकडून गेली तर पाठ, उजवीकडून गेली तर पाठ. मग तिनं ओळखलं, ही देवी. लोटांगण घातलं, म्हणाली, आई, चुकले, इकडं तोंड कर. देवी म्हणाली, आता मी वळत नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं ती नाहीच. मला पाहिलं की ती आठवेल. भिवरा म्हणाली, मग मी काय करू? माझी माणसं कशी परत येतील? देवी म्हणाली, मी सांगते तो वसा घे. उतू नको, मातू नको, ऐकलेलं परतवू नको.

भिवरा म्हणाली, कोणत्या वारी करावा? देवी म्हणाली, ज्या वारी मनात येईल, माझं चुकणारच नाही, त्या वारी करावा. कसा करावा? पाट मांडावा, त्यावर पाठमोरं बसावं. ज्याचा आपल्याला राग आलाय त्याला बोलवावं, पाठीशी उभं करावं. त्यानं आपलं चुकलेलं सांगावं. आपण मागं वळून बघू नये. तोंड बघितलं की माणूस सांगणाऱ्याचा हेतू शोधू लागतो आणि सांगितलेलं विसरतो. उत्तर देऊ नये, कारण देऊ नये, आपण किती केलं ते मोजून दाखवू नये. सांगून झालं की एवढंच म्हणावं, ऐकलं. या व्रताचं उद्यापन काय? देवी म्हणाली, याला उद्यापन नाही. असं म्हणून काठी टेकत निघाली, झडीत दिसेनाशी झाली. ओसरीवर पान तसंच होतं, तीन घास मोडलेलं.

मग भिवरेनं काय केलं? घरातला पाट घेतला, काखेत मारला, चिखल तुडवीत नदी ओलांडली, मैनेच्या माहेरी गेली. विहिणीनं दारातच विचारलं, आता आणखी काय उरलंय? भिवरेनं अंगणात पाट मांडला, दाराकडं पाठ केली आणि पावसात बसली. माणसं बघायला जमली. सोमा शेतावरून आला, कुंपणाशीच थांबला. भिवरा म्हणाली, मैनेला म्हणावं, माझ्या पाठीशी ये आणि माझं काय चुकलं ते सांग. मी वळणार नाही.

कितीतरी वेळ कुणी आलं नाही. मग दारात पावलं वाजली. उंबऱ्यापाशी थांबली. मैना आलीय, एवढं भिवरेला कळलं. पण ती रडतेय की रागावलीय, की नुसती उभी आहे, काही दिसेना. आजवर भिवरेनं तोंड बघितलं असतं आणि सगळं ठरवून टाकलं असतं. आता बघायला समोर तोंडच नव्हतं. ती नुसती बसून राहिली, पदरावरून पाणी गळत होतं.

मैना म्हणाली, मी तीन वेळा सांगितलं, तुम्ही एकदाही चाखलं नाहीत. भिवरेच्या ओठावर आलं, अग, माझी जीभ गेली होती. तिनं ते गिळलं. म्हणाली, ऐकलं.

मैना म्हणाली, तुमच्या उशाशी बसले, ते तुम्हाला आठवलं नाही. सगळ्या नगरासमोर माझं नाव घेतलंत. भिवरेच्या ओठावर आलं, मला खरंच तसं वाटलं होतं. तेही तिनं गिळलं. म्हणाली, ऐकलं.

मग मैना बोलली तेव्हा तिचा आवाज लहान झाला होता.

"सातवा महिना होता, आत्याबाई. मूठभर तांदूळसुद्धा ओटीत घातले नाहीत तुम्ही. रिकामी ओटी घेऊन मी नदी उतरले."

याला भिवरेच्या ओठावर काहीच आलं नाही. ऐकलं, म्हणायचं होतं, तेही येईना. तिची पाठ हलू लागली. जमलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. कुंपणाशी सोमा उभा होता, तोही पाठ करून उभा राहिला. शेवटी भिवरा म्हणाली, ऐकलं. पण ते इतकं हळू, की मैनेला जवळ यावं लागलं.

तेवढ्यात पाठीमागं तान्हं रडलं. मैनेच्या कुशीतच होतं. भिवरेला निरोप कुणी धाडला नव्हता. तिला माहीत नव्हतं घर भरलंय म्हणून. तिचा जीव सुपाएवढा झाला, पण वळायचं नाही असा वसा. ती तशीच बसली. मैनेनं ते बघितलं, आणि तिच्या आवाजात पूर्वीचा, वाल सोलतानाचा आवाज आला.

म्हणाली, "सांगा बघू, नात का नातू?"

पूर्वीची भिवरा असती तर रडण्यावरूनच सांगती, आणि वर पैज लावती. अंगणातली माणसं ऐकायला पुढं सरकली.

भिवरा म्हणाली, "मला ठाऊक नाही, मैने. तू सांग."

मैनेनं सासूच्या खांद्याला धरलं आणि तिला आपल्याकडं वळवलं. नात होती.

मग विहिणीनं पाट उचलला, सगळ्यांना घरात घेतलं. मैना लगेच आली नाही, सव्वा महिना झाल्यावर आली, आणि तेही भिवरा आपण तांदूळ, नारळ, खण घेऊन न्यायला गेली तेव्हा. तिनं तिथं, माहेरच्या माणसांसमोर, सुनेची ओटी भरली. सोमानं लेक उचलली. चौघं नदी उतरून आपल्या घरी आली.

भिवरेची जीभ काही परत आली नाही. देवीनं ती दिली नाही, भिवरेनंही मागितली नाही. नैवेद्य चाखायचा नाही ही रीत मोडली नाही. पण त्या घरात आदल्या दिवशी तोच स्वयंपाक घरच्या माणसांसाठी होऊ लागला. सगळे जेवत, सगळे बोलत, मीठ कमी झालं, जास्त झालं, बोलल्यावाचून पानावरून उठायचं नाही. ते माप दुसऱ्या दिवशी देवीच्या चुलीवर. मीठ घालायचं काम मैनेचं, विचारायचं काम भिवरेचं. पोरं पुन्हा देवळात येऊ लागली. पहाटे जात्यावर पहिली ओळ आली की दुसरी लगेच येई, आणि कधी चुकली तर मैना सांगे, चुकली, आणि भिवरा म्हणे, मग कशी म्हणायची? शेजारणी भिंतीला कान लावून ऐकत. तसलं दळण आता कुठं ऐकू येतं?

देवी अजून पाठमोरीच आहे. तिथल्या बायका तिच्या पाठीला हळदकुंकू लावतात, पाठीवर फुलं वाहतात, आणि कुणी तिला वळ म्हणत नाही.

पाठमोरी जशी भिवरेला भेटली, तशी तुम्हाआम्हाला भेटो, पण माणसं दुरावायच्या आधी भेटो. भिवरेची माणसं जशी नदी उतरून घरी आली, तशी सगळ्यांची येवोत. टाका अक्षता. साठ उत्तरं ओठावर आली, साठही गिळली, तेव्हा पाच शब्द ऐकू आले. त्या पाचांची ही कहाणी, सुफळ झाली, संपूर्ण झाली.